एलपीजी फोर्कलिफ्ट

एलपीजी फोर्कलिफ्ट म्हणजे द्रवरूप पेट्रोलियम वायूवरील इंजिनाने चालणारे व पुढील दोन पोलादी काट्यांवर जड माल उचलून नेणारे वाहन होय. उत्तर अमेरिकेत यासाठी मुख्यतः प्रोपेन वापरतात. भारतातील एलपीजी हे प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण असते. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ कंपनीचा तीनचाकी वाहनांचा कारखाना आहे. या कंपनीच्या एलपीजीवरील आपे रिक्षांचे इंधनतत्त्वही मूलतः हेच आहे.

कार्यपद्धती

सिलिंडर चालकाच्या मागे, वाहनाचा तोल राखणाऱ्या प्रतिभारावर आडवा बसवतात. स्वयंपाकघरातील उभ्या सिलिंडरमधून वरचा वायू बाहेर पडतो. येथे मात्र आतील नळी तळाचा द्रव उचलते. इंजिनाला इंधन भराभर लागते. केवळ वायू घेत गेल्यास उरलेला द्रव बाष्पीभवनाने गार होतो, दाब उतरतो आणि पुरवठा अपुरा पडतो. म्हणून द्रव प्रथम बाष्पीकारकात नेतात. तेथे इंजिनाभोवती फिरून तापलेले पाणी त्याला उष्णता देते. द्रवाचा वायू होताना घनफळ सुमारे २७० पट वाढते. दाब उतरवून हा वायू हवेत मिसळला जातो व स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटतो. याच इंजिनावर चालणारा पंप तेलाला दाब देतो आणि त्या दाबाने काटे वर चढतात.

सिलिंडरच्या कड्यातील खाच बैठकीच्या खुंटीत बसणे आवश्यक असते. सिलिंडर फिरलेला राहिल्यास नळी द्रवाबाहेर येते, तर सुरक्षा झडप द्रवात बुडते. घरगुती सिलिंडर जोडणे बेकायदा तर आहेच, शिवाय त्यात ही नळीही नसते.

बंदिस्त गोदामातील धोका

इंदापूर तालुक्यात भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाना आहे. साखरेला दमट हवा सोसत नाही, त्यामुळे तिची गोदामे बंद ठेवण्याकडे कल असतो. अशा जागी हे वाहन चालवल्यास धूर दिसत नाही, म्हणून हवा शुद्ध आहे असा समज होतो. प्रत्यक्षात हवा-इंधनाचे प्रमाण बिघडले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. डोकेदुखी, चक्कर व मळमळ ही त्याची लक्षणे उन्हाळ्यात उन्हाचा त्रास समजून सोडून दिली जातात. अशा वेळी कामगाराला तत्काळ मोकळ्या हवेत नेऊन वैद्यकीय मदत मिळवावी लागते.

गळतीचा वायू हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यांत व गटारांत साचतो. मिसळलेल्या उग्र वासाच्या रसायनामुळे तो ओळखता येतो. काम संपल्यावर आधी सिलिंडरची झडप बंद करतात आणि नळीतील उरलेले इंधन जळून इंजिन आपोआप थांबू देतात.