भंगारांतील व्हॅक्यूम क्लीनर

झाडूनें केर काढतांना धूळ एका जागेवरून उठते व दुसऱ्या जागीं जाऊन बसते. मधल्या वेळांत ती आपल्या नाकातोंडांत शिरते. आमच्या आत्याबाईंना दमा असल्यामुळें ही गोष्ट आमच्या घरीं केवळ शास्त्राची नव्हती. म्हणून भंगारवाल्याच्या हातगाडीवर एक व्हॅक्यूम क्लीनर पडलेला दिसला, तेव्हां आम्हीं तो वजनाच्या भावानें घेऊन घरीं आणला. आत्याबाई म्हणाल्या, "अरे, लोकांनी टाकलेलं हे धूड कशाला आणलंस?"

हें यंत्र धूळ 'ओढतें' असें आपण म्हणतों. वस्तुतः धूळ बाहेरच्या हवेनें आंत ढकलली जाते. मोटरीच्या दांड्यावर बसविलेला पंखा मिनिटाला २०,००० हून अधिक फेरे घेऊन आंतील हवा बाहेर फेंकतो. आंतला दाब कमी झाला कीं बाहेरची हवा नळींतून घुसते व येतांना धूळ घेऊन येते. पिशवींतून हवा पार होते, धूळ मागें राहते; आणि गाळलेली हीच हवा घरगुती यंत्रांत बहुधा मोटरीवरून जाऊन तिला थंड ठेविते. वाचकांनीं ही शेवटची गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी.

कारण पिशवी भरली किंवा नळी तुंबली म्हणजे हवा थांबते, हवा थांबली म्हणजे मोटर तापते, आणि अति तापली म्हणजे पुष्कळ यंत्रांत तिच्या रक्षणार्थ बसविलेली कळ वीज तोडते. यंत्र एकाएकीं मुकें होतें. घरधनी म्हणतो, "जळालं!" वास्तविक निवल्यावर तें पुन्हां चालतें, पण पुन्हां बंद पडतें, व अखेर भंगारांत जातें. आमच्या यंत्राचें असेंच झालें होतें. नळी सोडवून उजेडाकडे धरली तों पलीकडचें कांहींच दिसेना. काठी हळूच घातली तेव्हां लहान मुलाचा पायमोजा, दोन आकडे व केसांचा गुंता बाहेर आला. पिशवीच्या विणींत रांगोळीची पूड बसून ती पुठ्ठ्यासारखी ताठ झाली होती. रांगोळी, राख व चुना हे या यंत्राचे खरे शत्रु. त्यांची बारीक पूड कापडाचीं छिद्रेंच बुजविते.

दुसरें यंत्र मामांच्या माळ्यावरचें. त्यांत ठिणग्या उडत. अशा मोटरीच्या फिरत्या भागास वीज पोंचविण्यासाठीं कोळशाचे दोन तुकडे असतात. कारागीर त्यांस नुसतें 'कार्बन' म्हणतात. स्प्रिंगेनें ते तांब्याच्या कड्यावर दाबलेले राहतात व पेन्सिलीप्रमाणें झिजतात. नवी जोडी बसवितांच यंत्र चालूं लागलें. तिसऱ्याचें वेटोळेंच जळालें होतें. त्याचीं चाकें व नळी तेवढीं उपयोगीं पडलीं.

हें काम विद्यार्थ्यांनीं जाणत्या माणसावांचून करूं नये. उघडण्यापूर्वीं बटण बंद करणें पुरेसें नाहीं, प्लग भिंतींतून काढून हातीं घ्यावा. वायर बहुधा प्लगाजवळच आंतून तुटलेली असते, तीहि तेव्हांच पाहावी.

असो. या यंत्राचा इतिहास आम्हांस एका चुकीमुळें आठवतो. १९०१ सालीं लंडनच्या ह्यूबर्ट बूथनें केलेलें यंत्र इतकें अवजड होतें कीं तें घोड्यांच्या गाडीवरून आणून रस्त्यांत उभें करीत आणि नळ्या खिडक्यांतून घरांत सोडीत. तें हातांत मावण्याजोगें करण्याचें बरेंचसें श्रेय अमेरिकेंतील कॅंटन गांवच्या जेम्स स्पँग्लरकडे जातें. तो दुकानांत झाडलोट करी व धुळीनें खोकून बेजार होई. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा व उशीचा अभ्रा यांतून त्यानें यंत्र रचलें; १९०८ सालीं त्याचें पेटंट मिळालें व पुढें त्याचे हक्क हूवर यांनीं घेतले.

आमची ताठ झालेली पिशवी धुतांना फाटली. स्पँग्लरला अभ्रा पुरला, तर आम्हांस मलमल कां पुरूं नये, अशा विचारानें आम्हीं मलमलीची पिशवी शिवली. यंत्र झकास चाललें, जमीन आरशासारखी झाली, आणि आत्याबाई रात्रभर खोकल्या. जाड केर पिशवींत राहिला होता. डोळ्यांस न दिसणारी, फुप्फुसांत खोल उतरणारी धूळ मात्र विणींतून पार होऊन मागच्या तोंडानें खोलीभर पसरली होती. झाडूनें झाला नसता एवढा त्रास आमच्या दुरुस्तीनें झाला! त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

आतां त्यांत दुपदरी कागदी पिशवी आहे व मागें हेपा जातीची गाळणी आहे. या गाळणीनें ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवावेत असें तिचें प्रमाण ठरलें आहे. परंतु कडेला फट राहिली तर तें प्रमाण व्यर्थ. म्हणून रबराची कडा आम्ही दर वेळीं बोटानें चांचपून पाहतों. यंत्र चालूं असतां आत्याबाई ओसरीवर बसतात, आणि पिशवी काढण्याचें काम आम्हीं अंगणांत, तोंडास ओलें फडकें बांधून, वाऱ्याकडे पाठ करून करावें असा त्यांचा हुकूम आहे.