नेल्सनच्या नावाची गोदी

कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर इंग्लिश हार्बर आहे. तोंड चिंचोळे, भोवती डोंगर. बाहेर वादळाने थैमान घातले तरी आत जहाजाला आडोसा. त्यासाठीच 1725च्या सुमारास ब्रिटिश नौदलाने इथे गोदी बांधायला घेतली. आज तिला नेल्सनची गोदी म्हणतात, आणि ते नाव पटण्यासारखे नाही. पुढे नावाजलेला नौसेनानी होरेशिओ नेल्सन 1784 ते 1787 या काळात इथे होता, तोही पंचविशीतला एक कप्तान म्हणून. अमेरिकी जहाजांशी व्यापार रोखणारा कायदा त्याने काटेकोर राबवला, त्यामुळे बेटावरचे व्यापारी त्याच्यावर खार खाऊन होते. त्यालाही ही जागा मुळीच आवडत नव्हती. गोदी उभी राहिली आणि तगली ती दुसऱ्यांच्याच हातांनी.

ते हात काय करत होते, हे कळायला भरती-ओहोटी पाहावी लागते. कोकणात पाणी चांगले दोन-तीन मीटर चढते-उतरते, म्हणून भरतीला जहाज आत घ्यायचे आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या बुडाचे काम उरकायचे. विजयदुर्गाजवळची मराठी आरमाराची गोदी याच हिशेबावर चालायची. अँटिग्वात समुद्र जेमतेम फूटभर हलतो. मग जहाजच कुशीवर पाडायचे. आधी तोफा, दारूगोळा, सामान उतरवायचे. डोलकाठ्यांना बांधलेले जाड दोर काठावरच्या उभ्या रहाटांवर घ्यायचे आणि रहाटांच्या आडव्या दांड्यांना छाती लावून माणसांनी गोल फिरायचे. जहाज हळूहळू कलंडे, बूड वर येई. मग शंख-शेवाळ खरवडणे, फटी बुजवणे, लाकूड पोखरणाऱ्या किड्यापासून बचाव म्हणून तांब्याचे पत्रे ठोकणे; एक बाजू झाली की दुसरी. यातले बरेच हात आफ्रिकी गुलामांचे होते, आणि त्यांत कसबी कारागीरही होते. 8 मार्च 1744 रोजी दारूच्या स्फोटात त्यांतले आठजण गेले. एकाचे नाव लंडन होते. ते त्याच्या आईने ठेवलेले नसणार.

1889मध्ये नौदल निघून गेले आणि छपरे कोसळू लागली. 1949च्या जानेवारीत ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेले व्हर्नन निकल्सन, पत्नी एमी आणि दोन मुलगे ‘मॉलिहॉक’ या स्कूनरमधून इथे थांबले, ते राहिलेच. जवळच्या मिल रीफ क्लबमधले पाहुणे सफरीसाठी स्कूनर भाड्याने मागू लागले आणि त्यातून यॉटचा धंदा उभा राहिला. यॉटी आल्या तशी शिवणाऱ्यांना शिडे आणि सुतारांना फळ्या मिळू लागल्या. 1951पासून इमारतींची डागडुजी सुरू झाली.

कोणी म्हणेल, नेल्सनचे नाव नसते तर डागडुजीला पैसा कुठून आला असता? मान्य, नावाने छप्पर बसते. पण वरच्या शर्ली हाइट्सवरची लष्करी वस्तीही त्याच इतिहासातली, तरी तिथले बरेच बांधकाम भग्नच राहिले, कारण तिथे कोणाला रोज काही दुरुस्त करून घ्यायचे नव्हते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: हे म्हणजे नेल्सनला उठवून निकल्सनना बसवणे. तेवढे श्रेय या जोडप्यालाही देता येणार नाही. त्यांनी गिऱ्हाईक आणले, कसब बेटावरच्या लोकांनीही पुरवले. निकल्सन दांपत्याचा मुलगा डेस्मंड पुढे बेटाचा इतिहास खणू लागला आणि सेंट जॉन्समधल्या संग्रहालयाच्या उभारणीत पुढे राहिला. 2016मध्ये गोदी जागतिक वारसा ठरली, तेव्हा गुलामांच्या श्रमांशिवाय ती झालीच नसती हे नोंदीत आले. फाटकावरचे नाव मात्र तेच आहे. शिडे शिवायच्या माडीचे छप्पर केव्हाच गेले. तिचे जाड दगडी खांब उभे आहेत, आणि थोड्या अंतरावर रहाट, पाण्याकडे तोंड करून.