विश्लेषण : हॉटेलात कच्चा आहार कितपत सुरक्षित? मागवण्यापूर्वी काय पाहावे?

हडपसरमध्ये शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे हॉटेलांबाहेर रांगा. मगरपट्टा, अमनोरा, फुरसुंगी परिसरातील कार्यालये सुटली, की सहकाऱ्यांचे टोळके एखाद्या टेबलाभोवती जमते. त्यातला एकजण मेन्यूकार्ड दोनदा उलटसुलट पाहतो आणि ‘माझ्यासाठी फक्त ग्रीन सॅलड’ असे सांगून मोकळा होतो. कारण वजनाचे असो, मधुमेहाचे असो किंवा समाजमाध्यमांवरच्या एखाद्या व्हिडीओचे, न शिजवलेलेच खायचे असा नेम धरलेल्यांची खरी अडचण घराबाहेर सुरू होते. ताटात काय मिळेल, हा पहिला प्रश्न. ते कोणत्या पाण्याने धुतले, हा त्याहून मोठा. २०२५ च्या सुरुवातीला जीबीएसचा उद्रेक पाहिलेल्या पुण्यात हा दुसरा प्रश्न आणखी महत्त्वाचा ठरतो.

कच्चा आहार म्हणजे नेमके काय?

फळे, भाज्या, मोड आलेली कडधान्ये, ओला नारळ, सुकामेवा आणि बिया असे पदार्थ न शिजवता खाणे म्हणजे कच्चा आहार. निसर्गोपचारात याला अपक्वाहार म्हणतात. ही पद्धत पाळणारे साधारणपणे ४० ते ४८ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापवलेले अन्न वर्ज्य मानतात. काहीजण दूध-दही घेतात, काही तेही सोडतात.

शिजवल्याने अन्नातील ‘जिवंत’ विकरे नष्ट होतात, असा यामागचा नेहमीचा दावा. मात्र, अन्नातील बहुतेक विकरे जठरातील आम्लामुळे तशीही निकामी होतात. उष्णतेने क जीवनसत्त्व घटते, हे खरे. पण टोमॅटोतील लायकोपीन आणि गाजरातील बीटा कॅरोटीन शिजवल्यावर शरीराला अधिक सहज मिळते. म्हणजे दोन्ही बाजूंनी थोडे कमावणे आणि थोडे गमावणे आहे.

पुण्याला हा प्रकार नवा आहे का?

अजिबात नाही. हडपसरहून सोलापूर रस्त्याने पुढे गेले, की उरुळी कांचन लागते. महात्मा गांधी मार्च १९४६ मध्ये तेथे आठवडाभर राहिले आणि १ एप्रिल १९४६ रोजी निसर्गोपचार आश्रमाची स्थापना झाली. पुढे मणिभाई देसाई यांनी तो वाढवला. ताडीवाला रस्त्यावरील बापू भवनात राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्राचा वारसा तिला लाभला आहे.

खुद्द गांधीजींनी १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग स्वतःवर केला होता. काही आठवड्यांत अशक्तपणा आणि आमांशाचा त्रास झाल्यावर त्यांनी तो थांबवला आणि तसे जाहीरपणे लिहिलेही. निसर्गोपचारातही अपक्वाहार सहसा ठरावीक काळासाठी आणि देखरेखीखाली दिला जातो. हॉटेलच्या टेबलावर ही देखरेख नसते.

हॉटेलच्या मेन्यूत कच्चे काय मिळते?

मराठी ताटाची डावी बाजू ही कच्च्या पदार्थांची जुनी जागा आहे. लिंबू, कोशिंबीर, पचडी, काकडीच्या चकत्या, ओल्या नारळाची चटणी हे सारे तिथेच वाढले जाते. हॉटेलात कच्चे खाणाऱ्याला ही डावी बाजूच जेवण म्हणून मागवावी लागते.

थाळीच्या हॉटेलात कोशिंबीर आणि कांदा-लिंबू, उडपी हॉटेलात फळांची प्लेट आणि ताजा रस, मालवणी खानावळीत सोलकढी, मॉलमधील कॅफेत सॅलडचा वाडगा असे पर्याय सापडतात. रस्त्यावर रसवंती आणि शहाळ्याच्या गाड्या आहेतच. पोट भरायला मात्र यातले थोडेच उपयोगी पडते.

कच्चे वाटते, पण नसते असे काय?

कोशिंबिरीत बहुतेकदा भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट आणि वरून फोडणी असते. दडपे पोहे चुलीवर जात नाहीत, पण पोहे तयार करतानाच भात भिजवून भाजलेला असतो. सॅलडमधील मटकी, मका किंवा मटार अनेकदा वाफवलेले असतात. बाटलीबंद रस बहुधा पाश्चराइज केलेला असतो. सॅलडवरचे मेयोनीज किंवा तयार सॉस कच्च्या आहाराच्या व्याख्येत बसत नाहीत. नेम कडक असेल, तर ‘फोडणी नको, कूट नको, सॉस वेगळा द्या’ असे आधीच सांगावे लागते.

अर्थात, फोडणी पडली म्हणून कुणाचे बिघडत नाही. बिघडते ते दुसऱ्याच कारणाने.

मग धोका कुठे आहे?

भाजी शेतातून ताटात येईपर्यंत माती, पाणी, पोती, टेम्पो, सुरी आणि अनेक हात लागतात. या वाटेवर चिकटलेले बहुतेक जंतू उकळत्या रश्श्यात किंवा गरम तव्यावर मरतात. कच्च्या ताटात ही पायरीच नसते. त्यामुळे धुण्याचे पाणी, कापणाऱ्याचे हात आणि फ्रीज यांवरच सारी भिस्त राहते. यातली एकही गोष्ट ग्राहकाला टेबलावरून दिसत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएसचे रुग्ण झपाट्याने वाढले. एकूण संख्या दोनशेच्या पुढे गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळले. संशय प्रामुख्याने पाण्यावर होता, सॅलडवर नव्हे. पण पोटातील साध्या वाटणाऱ्या संसर्गानंतर काही जणांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते आणि हातपाय लुळे पडू शकतात, हे या उद्रेकाने दाखवून दिले. त्या काळात पाणी उकळून पिण्याचा आणि कच्चे अन्न टाळण्याचा सल्ला दिला गेला, तो याचमुळे.

दुसरा धोका ‘कोबीतला किडा मेंदूत जातो’ या रूपात ऐकू येतो. हा किडा कोबीत जन्मत नाही. डुकरांमार्फत पसरणाऱ्या फीतकृमीची अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून माती-पाण्यात आणि तिथून कोणत्याही पालेभाजीवर येऊ शकतात. ती पोटात गेल्यास मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकते. कोबी, लेट्यूस, कोथिंबीर, पालक यांच्या पानांच्या घड्यांत माती अडकते, म्हणून पालेभाज्यांबाबत अधिक काळजी हवी.

हडपसरमध्ये पाण्याचा प्रश्न वेगळा का?

हडपसर-मांजरी हा मूळचा भाजीपाल्याचा पट्टा. मांजरीच्या उपबाजारात आजही शेतकरी थेट माल आणतात. मुंढवा जॅकवेलमधून शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी जुन्या बेबी कालव्यात सोडले जाते आणि ते हवेली-दौंडच्या शेतीला मिळते. मात्र, शहरातील सर्व सांडपाण्यावर प्रक्रिया होत नाही. काही पाणी तसेच मुळा-मुठेत मिसळते आणि नदी हडपसरच्या बाजूनेच पुढे वाहते.

याचा अर्थ इथली भाजी वाईट असा नाही. विहीर आणि बोअरवर पिकणारा मालही भरपूर आहे, शिवाय हॉटेलांना इतर तालुक्यांतून गुलटेकडी मार्केट यार्डात आलेली भाजीही मिळते. पण ताटातली पालकाची पाने कोणत्या पाण्यावर वाढली, हे चवीवरून कळत नाही. शिजवून खाणाऱ्याचे ते न कळूनही बहुधा भागते. कच्चे खाणाऱ्याचे भागत नाही.

कोणते पदार्थ हॉटेलात टाळलेलेच बरे?

* कच्चे मोड : मोड आणण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांमधून पसरलेल्या ई. कोलायने सुमारे ३,९०० जण आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. घरी ताजे मोड काढून खाणे वेगळे, हॉटेलात किती तास बाहेर राहिले हे माहीत नसलेले मोड वेगळे.
* दुधीचा रस : सकाळी बागांबाहेर मिळणारा हा रस कडू लागला, तर लगेच थुंकावा. दुधीतील कडूपणा कुकुरबिटासिन या विषारी घटकामुळे येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) तज्ज्ञ समितीनेही कडू रस न पिण्याचा सल्ला दिला आहे. तो प्यायल्यानंतर मृत्यू झाल्याच्या घटना देशात घडल्या आहेत.
* कच्चा राजमा : त्यातील लेक्टिनमुळे तीव्र उलट्या होतात. राजमा नीट उकळल्याशिवाय खाऊच नये, मोड आलेलाही नाही.
* आधीच कापून ठेवलेली फळे आणि सॅलड बार : उघड्यावर, बर्फाविना ठेवलेले असेल तर नकोच.
* बर्फ घातलेला रस : महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळा रंग देणे बंधनकारक आहे. तरीही ‘बर्फ नको’ म्हणणे सोपे.

नियम काय सांगतात?

प्रत्येक हॉटेलाकडे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) परवाना किंवा नोंदणी असावी लागते. तिचा १४ अंकी क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून बिलावर छापणे सक्तीचे आहे. स्वयंपाकासाठी आणि धुण्यासाठी पिण्यायोग्य पाणी वापरणे, थंड वाढायचे पदार्थ पाच अंश किंवा त्याखाली ठेवणे, कच्च्या मांसाची आणि भाजीची सुरी-पाट वेगळे ठेवणे अपेक्षित आहे. फळे-भाज्या ५० पीपीएम क्लोरीनच्या पाण्यात बुडवून मग स्वच्छ पाण्याने धुण्याची शिफारसही प्राधिकरणाने केलेली आहे. काही हॉटेलांच्या दर्शनी भागात स्वच्छतेचे मानांकन लावलेले असते. ते असल्यास पाहून घ्यावे.

वेटरला काय विचारावे?

गर्दीची वेळ टाळून, शांतपणे चार प्रश्न विचारता येतात :

१. सॅलड ऑर्डरनंतर कापता, की आधीच कापून ठेवता?
२. भाजी धुवायला फिल्टरचे पाणी वापरता, की टाकीचे?
३. सॅलडची सुरी आणि पाट वेगळे आहेत का? मांसाहारी हॉटेलात हा प्रश्न सर्वात महत्त्वाचा, कारण कॅम्पिलोबॅक्टर कच्च्या चिकनमध्येही आढळतो.
४. कोशिंबिरीत कूट, फोडणी, साखर घालता का?

उत्तर टाळले गेले, तर सोलून खायचे फळ मागवावे.

मग मागवावे तरी काय?

साल असलेले आणि समोर सोललेले, हा साधा नियम. केळी, संत्री, मोसंबी, पपई, डाळिंब, कलिंगड यांचा आतला भाग सालीने झाकलेला असतो. मात्र साल न धुता सुरी लावली, तर वरचे जंतू आत जातात. शहाळे समोर फोडून घ्यावे. काकडी, गाजर, बीट, मुळा सोलून आणि ताजे कापून मागावेत. लिंबू पिळल्याने चव येते, जंतू मरत नाहीत. मीठ आणि व्हिनेगर यांचेही तेच. सोलकढी ताजी असेल तर चांगली, पण नारळाचे दूध उन्हाळ्यात लवकर नासते.

बदाम, अक्रोड, भोपळ्याच्या बिया अशी मूठभर पुडी खिशात असली, तर नुसत्या काकडीवर रात्र काढावी लागत नाही. बाहेर जाण्यापूर्वी घरी थोडे खाऊन निघणे हाही उपाय आहे. पावसाळ्यात आणि परिसरात जुलाब-उलट्यांची साथ असताना मात्र बाहेरचे कच्चे पूर्ण थांबवावे. गरम सूप, वाफवलेली भाजी किंवा वाफाळती इडली खाल्ल्याने नेम एक दिवस मोडतो, एवढेच.

कोणी हा प्रयोग करू नये?

गर्भवती, लहान मुले, वृद्ध, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे यांनी बाहेरचे कच्चे टाळावे. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींनी जेवणाऐवजी केवळ सॅलड खाल्ल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. मूत्रपिंडाच्या रुग्णांना शहाळे आणि फळांतील पोटॅशियम घातक ठरू शकते. वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर पालेभाज्या अचानक वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

फक्त कच्च्यावर राहता येते का?

आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आदर्श ताटात २,००० कॅलरींसाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सुचवली आहेत. म्हणजे बहुतेकांनी कच्चे वाढवायलाच हवे. पण त्याच ताटात २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्येही आहेत, आणि ती मुख्यतः शिजवूनच पचतात. दूधही सोडल्यास ब-१२ जीवनसत्त्व वेगळे घ्यावे लागते. जर्मनीत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्या ४५ वर्षांखालील सुमारे ३० टक्के महिलांची मासिक पाळी अनियमित झालेली किंवा थांबलेली आढळली.

त्रास झाला तर?

जुलाब-उलट्या झाल्यास ओआरएस सुरू करावे. शौचात रक्त, तीव्र ताप किंवा सतत उलट्या असतील, तर डॉक्टरांकडे जावे. पोट बिघडल्यानंतरच्या काही आठवड्यांत पायांत मुंग्या, चालताना अशक्तपणा किंवा गिळायला त्रास जाणवला, तर थेट रुग्णालय गाठावे. बिल जपून ठेवावे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर किंवा एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर करता येते. तक्रारीत बिलावरचा १४ अंकी क्रमांक दिल्यास हॉटेल शोधणे सोपे जाते.