रंग न धरणारे सैनिक

1893 साली विल्यम ब्रिटन यांनी लंडनमध्ये आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतायला सुरुवात केली. ते कारखान्यातूनच रंगून येत. मुलाने खोकं उघडायचं आणि थेट लढाई सुरू करायची. 1959 मध्ये एअरफिक्स कंपनीने बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे सैनिक बाजारात आणले, तेव्हा हे चित्र पालटलं. पहिल्या संचांपैकी एक ब्रिटिश राजरक्षकांच्या बँडचा होता. एका छोट्या खोक्यात चाळीस-पन्नास नग, सगळे एकाच रंगाचे, न रंगवलेले. रंगवलेले असते तर ते इतके स्वस्त पडलेच नसते. कारखान्याने सोडलेलं काम मुलांच्या हाती आलं आणि त्यातून एक छंद उभा राहिला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

पण ते प्लास्टिक रंगाला दाद देत नसे. मऊ पॉलिथीनचा पृष्ठभाग मेणासारखा, त्यावर मॉडेल जोडायचा गोंदही धरत नाही. हम्ब्रोलच्या इवल्याशा डबीतला ऑइलपेंट वाळून टणक होई, सैनिक मात्र लवचिकच राही. बंदुकीची नळी जरा वाकली की लाल डगल्याचा टवका उडालाच. मग हौशी लोकांनी स्वतःच उपाय शोधले. सैनिक आधी साबणाच्या पाण्यात धुवायचे, म्हणजे साच्याचं तेलकटपण जातं. त्यावर पांढऱ्या गोंदाचा पातळ हात द्यायचा आणि तो पुरता वाळल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही. पुढे पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग आले. त्यांचा थर सैनिकाबरोबर थोडा वाकतो, त्यामुळे निम्मी डोकेदुखी गेली.

पायाखालच्या जमिनीकडे लक्ष बरंच उशिरा गेलं. साच्यातून सैनिक येई तो पायाशी प्लास्टिकची चपटी चकती घेऊन. वॉटर्लूच्या लढाईतल्या पलटणी मांडणारे लोक चार-सहा सैनिक एका पुठ्ठ्यावर चिकटवत. त्यामागचा हेतू फक्त टेबलावर ते पटापट हलवता यावेत, एवढाच. नव्वदच्या दशकात गेम्स वर्कशॉप या युद्धखेळांच्या कंपनीच्या प्रभावाखाली बेसच्या, म्हणजे पायाखालच्या चकतीच्या, कडा भडक हिरव्या रंगवायची पद्धत रुळली. त्या काळचं सैन्य आजही लांबून ओळखू येतं. आता बेसवर गोंद लावून वाळू पसरतात, तिला गडद तपकिरी रंग देतात आणि वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग वरवर फिरवतात, म्हणजे प्रत्येक कण उठून दिसतो. शेवटी नायलॉनच्या बारीक तंतूंचं गवत. स्थिर विजेमुळे ते उभं राहून चिकटतं. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरणाऱ्या मराठी मुलांना हे वेगळं सांगायला नको: मावळे कितीही सुबक असले तरी डोंगर हिरवा झाल्याशिवाय किल्ला पुरा होत नाही. बेस नीट केला की साधा रंगवलेला शिपाईही पावसाळी शेतात किंवा रशियातल्या बर्फात उभा राहतो. चेहऱ्यावरच्या भुवया रंगवण्यात संध्याकाळ घालवून बेस कोरा सोडणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगत आलो आहे.

1987 मध्ये गेम्स वर्कशॉपचा ‘वॉरहॅमर 40,000’ हा युद्धखेळ आला. त्याच्या कडक पॉलिस्टायरीनच्या सैनिकांनी पुढची वाट ठरवली. या प्लास्टिकवर रंग धरतो, आणि खास गोंद त्याच्या कडा विरघळवून जोड पक्का करतो. हात, डोकी, शस्त्रं सुटी येत असल्याने एकाच साच्यातून निघालेली माणसं वेगवेगळ्या पवित्र्यात उभी करता येतात. 2000 च्या दशकाच्या अखेरीस पेरी बंधूंसारख्या शिल्पकारांनी ऐतिहासिक सैनिकही याच कडक प्लास्टिकमध्ये आणले आणि धातूच्या सैनिकांची मक्तेदारी ढिली झाली. 2019 मध्ये गेम्स वर्कशॉपच्या सिटाडेल ब्रँडचे ‘कॉन्ट्रास्ट’ रंग आले. ते खाचांत दाटतात, उंचवट्यांवर विरळ होतात, त्यामुळे छटा एकाच हातात उमटते. जुन्या हातांना ही पळवाट वाटते. मला तसं वाटत नाही. वर्षानुवर्षं खोक्यांत पडून राहिलेल्या पलटणी त्यामुळे टेबलावर आल्या.

मऊ प्लास्टिकचे छोटे सैनिक आजही निघतात; रशियातली झ्वेझ्दा आणि इटलीतली इटालेरी ते बनवतात. साठच्या दशकातले काही एअरफिक्स सैनिक आता ठिसूळ होऊन घोट्यात मोडू लागलेत. ज्यांच्याकडे अजून लवचिक राहिलेले संच आहेत त्यांनी ते काढावेत, धुवावेत आणि आजच्या ॲक्रिलिकने रंगवावेत.