लायगोतला दाबलेला प्रकाश

लेसरचा किरण कितीही शुद्ध असला, तरी पूर्ण शांत नसतो. त्यातले प्रकाशकण एका लयीत येत नाहीत. पत्र्यावरच्या पावसासारखे कधी दाट, कधी विरळ आदळतात. एरवी हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांमध्ये ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांत लेसर खेळवून कृष्णविवरांच्या टकरींसारख्या घटनांतून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपतात. या लहरींमुळे भुजांच्या लांबीत होणारा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तिथे हा गोंगाट आड येतो.

लेसरची शक्ती वाढवली की गोंगाट तुलनेने घटतो. पण मग प्रकाशकणांच्या धक्क्यांनी भुजांतले ४० किलोंचे आरसेच थरथरू लागतात. दुखण्याचं मूळ क्वांटम भौतिकीत आहे. अनिश्चितता नष्ट करता येत नाही, सरकवता मात्र येते. खास स्फटिकातून तयार केलेल्या ‘दाबलेल्या’ प्रकाशात कलेतली (फेजमधली) अनिश्चितता घटते आणि तीव्रतेतली वाढते. लायगोत तो २०१९पासून नियमित वापरात आहे. वाढलेली बाजू कमी वारंवारतेला नडायची, म्हणून ३०० मीटर लांबीची प्रकाशगाळणी जोडली. २०२३पासून कमी आणि जास्त, दोन्ही वारंवारतांना फायदा मिळतो. मला तर ही करामत कृष्णविवरांच्या टकरीइतकीच थक्क करणारी वाटते.

अशीच एक वेधशाळा, लायगो-इंडिया, हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्याही भुजा ४ किलोमीटरच्याच असतील.