विश्लेषण : दुसऱ्या विजेतेपदानंतर वैशाली माडे यांना काय मिळाले?

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटच्या वैशाली माडे यांनी आधी मराठी ‘सा रे ग म प’ जिंकले, मग २००९ मध्ये हिंदीतील स्पर्धाही. दुसऱ्या विजेतेपदाने नाव देशभर पोहोचले. पण स्पर्धेत गायली जातात ती बहुधा इतरांची गाजलेली गाणी. स्वतःच्या गाण्याची वाट पाहावी लागते. ‘बाजीराव मस्तानी’तील ‘पिंगा’ आले २०१५ मध्ये, श्रेया घोषाल यांच्यासोबत. सहा वर्षे! एवढ्या काळात असे विजेते विसरलेही जातात. गाणे गाजले, वादही झाला. मात्र त्याचा रोख काशीबाई आणि मस्तानी यांना पडद्यावर एकत्र नाचवण्यावर होता, गायनावर नव्हे. २०१९ मध्ये ‘कलंक’मधील ‘घर मोरे परदेसिया’तही याच दोघींचे आवाज आहेत.