वर्णहीनता, अधिकारपद आणि क्रीडांगण : दृष्टिमापनाच्या दोन रेषा

अल्बिनिझम अर्थात वर्णहीनता आपल्याकडे केवळ त्वचेवरून ओळखली जाते आणि पुष्कळदा कोड समजली जाते. वस्तुतः कोड हा मागाहून उद्भवणारा विकार असून वर्णहीनता जन्मजात व आनुवंशिक आहे. मेलॅनिन या रंजकद्रव्याच्या न्यूनतेमुळे दृष्टिपटलाचा मध्यभाग गर्भावस्थेतच अपुरा घडतो, नेत्रगोल अस्थिर राहतात आणि चष्म्यानेही दृष्टी पूर्णतः सुधारत नाही. खानदेशातील वैशाखाचे ऊन तर अशा डोळ्यांना सोसतच नाही.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील 21 प्रकारांत वर्णहीनतेचा स्वतंत्र उल्लेख नाही. प्रवेश मिळतो तो ‘अल्पदृष्टी’ या दाराने. तेथील मर्यादा, चष्म्यासह चांगल्या डोळ्याची दृष्टी 6/18 किंवा त्याहून कमी, अशी आहे. आंतरराष्ट्रीय अॅथलेटिक्समधील टी-13 गटाला मात्र 6/60 वा त्याहून क्षीण दृष्टी, अथवा संकुचित दृष्टिक्षेत्र लागते. 6/60 म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसणारे अक्षर सहा मीटरवर यावे लागणे. या दोन रेषांमधील वर्णहीन व्यक्ती कायद्याच्या कक्षेत येते, पण मैदानावर तिला गट नसतो.

गटात बसणाऱ्यांनी काय साधले? दक्षिण आफ्रिकेच्या हिल्टन लँगेनहोव्हेन या वर्णहीन खेळाडूने 2008 च्या बीजिंग पॅरालिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळविली. लोकपदांच्या बाबतीत टांझानियात 2010 साली सालुम बारवानी संसदेत निवडून आले, तर 2015 मध्ये अब्दल्ला पोसी उपमंत्री झाले. आपल्याकडे सनदी सेवा व दिव्यांग क्रीडा यांचा संगम सुहास यथिराज यांच्यात दिसतो. टोकियो व पॅरिस या दोन्ही पॅरालिंपिकमध्ये त्यांना बॅडमिंटनचे रौप्यपदक मिळाले. त्यांचे अपंगत्व मात्र पायाचे. दृष्टीच्या बाबतीत उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांना पूर्ण अंधत्वाच्या कारणावरून रेल्वे लेखा सेवेत नाकारले गेले; पुढे 124 वा क्रमांक मिळवून त्या 2019 मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. पात्रतेची रेषा कोठे ओढली जाते, यावर किती अवलंबून असते हे येथे ध्यानी येते.

अधिनियमाने उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखल्या आहेत, आणि कलम 30 क्रीडासहभागाविषयीच आहे. तरी माझ्या वर्गातील 6/36 दृष्टीचा एक वर्णहीन विद्यार्थी लांब उडीसाठी गेला असता नेत्रतपासणीतून परत आला. प्रमाणपत्र त्याच्या खिशातच होते. आता तो सर्वसाधारण गटात, सकाळी सातच्या आत सराव करतो. उडीची पांढरी फळी त्याला दिसत नाही, म्हणून पावले मोजतो.